कलम सात

सोमवार, ४ मार्च. सकाळी ७.१०

आजपासून रोजनिशी. भावी चरित्रकारांची सामग्रीअभावी कुचंबणा होऊ नये, एवढाच निरपेक्ष हेतू.

तीन शेजारी शहरांच्या संयुक्त परिवहन मंडळावर आमच्या नगरपालिकेने शनिवारी माझी एकमताने निवड केली. दुसरा अर्जच नव्हता. यास लोकांची गुणग्राहकता म्हणतात.

मंडळापुढे प्रश्न एकच: मध्यवर्ती बसस्थानक आमच्याकडे, की नदीपलीकडच्या शहरात? जिंकणाऱ्याच्या सर्व थेट गाड्या अबाधित. हरणाऱ्याच्या बंद, त्याच्या नशिबी तिठ्यापर्यंत एक मिनीबस, पुढे गाडी बदला.

सौ.ने चहा ठेवता ठेवता विचारले, मग नऊ नंबरचे काय? नऊ नंबर आमच्या कोपऱ्यावरून थेट नदीपलीकडच्या इस्पितळाच्या दारात जाते. सौ. त्याच गाडीने सोमवार-बुधवार-शुक्रवार डायलिसिसला जाते. चार तास त्या यंत्राला जखडल्यावर पायांत त्राण उरत नाही, असे तिचे मत आहे. नऊ नंबरच्या केसालाही धक्का लागणार नाही, असे वचन दिले.

"लिहून ठेवा," ती म्हणाली.

ठेवले.

बुधवार, ६ मार्च

मंडळाची प्रथम सभा. अध्यक्ष टेकडीवरच्या शहराचे, म्हणून तटस्थ. पहिल्या दहा मिनिटांत निद्रिस्त, म्हणून अधिकच तटस्थ. नदीपलीकडचा प्रतिनिधी प्रत्येक वाक्याला मान डोलावतो. त्याचे नामकरण केले: होकारे.

प्रवाशांची एक दिवस मोजणी करून निर्णय घ्यावा, असे ठरले. पण प्रवासी कोणत्या शहराचा मानावा? मी उभा राहिलो. नगराचे माहात्म्य तेथून पलायन करणाऱ्यांवरून ठरते, की तेथे येणाऱ्यांवरून? तत्क्षणी स्वहस्ते कलम लिहिले. कलम सात: "प्रवासी ज्या नगरात उतरेल, त्या नगराचा गणला जाईल." होकारेने टाळी वाजवली आणि त्या कागदाची एक प्रत मागून घेतली. बहुधा फ्रेम करणार.

सौ. घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडली होती. कलम दोनदा वाचून दाखवले. प्रतिक्रिया नाही. साहित्याची गोडी उपजतच असावी लागते.

सोमवार, ११ मार्च

मोजणी बुधवारी, वीस तारखेला. प्रत्येक थांब्यावर एक मोजणारा, सकाळी सात ते दुपारी तीन.

योजना सुचली. त्या दिवशी आमच्या शहरातून सुटणारी प्रत्येक गाडी खच्चून भरायची. गर्दी पाहून मंडळाचे डोळे दिपतील. नोकरवर्ग, पेन्शनर, व्यायामशाळेचे सभासद, सर्वांना नदीपलीकडे सहल आणि फुकट जेवण.

नगरपालिकेचा कारकून कान खाजवत म्हणाला, "साहेब, पण ही माणसं तिकडेच उतरणार ना?"

मी विचारले, मग काय अंतराळात उतरतील? ओशाळला बिचारा. कारकुनांना समग्र दृष्टी नसते.

सोमवार, १८ मार्च

नावे नोंदली: दोनशे चौदा. सौ. म्हणाली, बुधवार तिचाही डायलिसिसचा दिवस. एक जागा तिच्यासाठी धरून ठेवावी. समजावले की प्रतिनिधीच्या पत्नीस अग्रक्रम दिल्यास वशिलेबाजीचा कलंक लागतो. मग तिने नगरपालिकेची मोटार मागितली. खासगी कामास शासकीय वाहन वापरणे माझ्या तत्त्वात बसत नाही. (केस कापायला मोटारीने जातो, ते प्रतिनिधीच्या प्रतिमेचे काम.)

ती नुसती हसली. पाठिंबा समजतो.

बुधवार, २० मार्च. सकाळी ९.४०

अपूर्व दृश्य! नऊ नंबरच्या दारात माणसे लोंबकळत होती. आत सौ. खांबाला धरून चाळीस मिनिटे उभी राहिल्याचे व्यायामशाळेच्या मास्तरांकडून कळले. मास्तर बसलेले होते. उभे राहिल्याने रक्ताभिसरण सुधारते, असे वाचल्याचे स्मरते.

सायंकाळी ५.००

शत्रू शरण! होकारेने आमच्या दोनशे चौदाही जणांना जेवणानंतर आपल्या खर्चाने खासगी गाड्यांतून परत पाठवले, एकेकाला घराच्या दारापर्यंत. बसचा त्रास नको म्हणाला. एवढा दिलदार पराभव इतिहासात विरळा. आभाराचे पत्र पाठवले.

सौ. नेहमीप्रमाणे नऊ नंबरने अडीचला परतली. म्हणे संपूर्ण गाडीत ती एकटी. पाय पसरून बसता आले असेल. पण कौतुकाचा एक शब्द म्हणून नाही.

शुक्रवार, २२ मार्च

विजयाच्या भाषणाचा मसुदा सिद्ध. अकरा पाने. "भगीरथ" चार वेळा आला आहे, एकदा काढावा काय? राहू दे.

बुधवार, २७ मार्च

निकाल. आमच्या प्रवाशांमुळे नदीपलीकडच्या शहरात उतरलेल्यांची संख्या दोनशे चौदाने वाढली. नऊ नंबरने दिवसभरात आमच्या शहरात उतरलेले प्रवासी: एक.

मी उठून म्हणालो, हा नियम अन्यायकारक, अशास्त्रीय आणि कोण्या अर्धशिक्षिताच्या मेंदूची उपज आहे. होकारेने खिशातून कागद काढून वाचला. कलम सात. खाली माझी लफ्फेदार सही. अध्यक्ष जागे झाले आणि हसले. त्यांना जागे पाहण्याची माझी पहिलीच वेळ.

एक एप्रिलनंतर नऊ नंबर बंद.

गुरुवार, २८ मार्च

कारणमीमांसा: (१) कारकुनाने शंका पुरेशा आग्रहाने मांडली नाही. (२) सौ. उतरताना एकटीच उतरली. चार मैत्रिणी जमवणे अशक्य नव्हते.

दुसरे कारण तिला सांगितले. तिने रोजनिशी मागितली, चार मार्चचे पान उघडले आणि तशीच टेबलावर ठेवून दिली.

सोमवार, १ एप्रिल. सकाळी ८.१५

नऊ नंबरची अखेरची फेरी. सौ.जवळ सुटकेस. तिची धाकटी बहीण इस्पितळामागच्याच गल्लीत राहते. यापुढे तिकडेच मुक्काम. दोन गाड्या बदलून येणे-जाणे तिला जमणार नाही, असे डॉक्टरांचे आणि मेहुणीचे संगनमत झालेले दिसते. मी विचारले, किती दिवस? माझ्या जेवणाचे काय?

पायरीवर चढून ती वळली. "तुमचंच कलम आहे ना? जिथं उतरेन, तिथली."

दार बंद झाले. तिने कलम लक्षपूर्वक ऐकले होते तर! मनास विलक्षण समाधान वाटले. नंतर ते कमी झाले.

संकल्प: दर रविवारी भेटीस जाणे. चहा स्वतः करणे. कलम साताला दुरुस्ती सुचवणे.

रविवार, ७ एप्रिल

भेट रद्द. दुरुस्तीचा मसुदा लांबला. चहात साखर की मीठ, डबे एकसारखे आहेत.

बुधवार, १० एप्रिल

नगरपालिकेने मंडळावर माझ्या जागी कारकुनास नेमले. एकमताने. मोटारही त्याच्याकडे.

रविवार, १४ एप्रिल. सायंकाळी ६.३०

मिनीबस तिठ्यापर्यंत. तेथे पन्नास मिनिटे उन्हात. पुढे दुसरी गाडी, बसायला जागा नाही. एकूण दोन तास दहा मिनिटे. पायांत त्राण उरले नाही.

मेहुणीने दार अर्धेच उघडले. म्हणाली, ताई आत्ताच झोपली आहे, उठवणार नाही. पुढच्या वेळी कळवून या. पाणी दिले. दुरुस्तीचा मसुदा तिच्या हाती दिला. ताईला वाचून दाखवते म्हणाली नाही.

परतीच्या मिनीबसमध्ये मी एकटा. आमच्या शहरात उतरलो. मोजायला कोणी नव्हते.