निशाणवाल्याचे डोळे

नाना, आज देव्हारा आवरताना तुमचा निशाणवाला हाती आला. बाळकृष्णाच्या मागे उभा असतो तो, बोटाच्या दोन पेरांएवढा, भगवं निशाण खांद्याला लावून. तुम्ही असता तर म्हणाला असता, "सूनबाई, शिपायाला देवांत बसवलंस?" बसवलं. रोज त्याच्या वाट्यालाही एक पाकळी येते.

शाळेत इतिहास शिकवून तुम्ही निवृत्त झालात आणि पिंप्राळ्याच्या आपल्या दोन खोल्यांत लढाया सुरू केल्यात. धुळ्याच्या रद्दीवाल्याकडे तुम्हाला एक इंग्रजी पुस्तक सापडलं होतं: शिशाचे छोटे सैनिक कसे रंगवायचे, आणि टेबलावर फासे टाकून जुन्या लढाया कशा खेळायच्या. पाचोऱ्याच्या आबांचा, तुमच्या लहानपणच्या वर्गमित्राचा, छापखाना तेव्हा नुकताच बंद पडला होता. ते छपाईचे जुने खिळे वितळवून साच्यात सैनिक ओतत आणि फरसाणाच्या डब्यात घालून रविवारच्या गाडीने घेऊन येत. ज्या शिशाने अर्ध्या तालुक्याच्या लग्नपत्रिका छापल्या, त्याचेच मराठे आणि त्याचेच मोगल. रंगवायचे तुम्ही. पण मोतीबिंदू वाढत गेला आणि एक दिवस तुम्ही एका मोगलाच्या दाढीला हिरवा रंग दिलात. मी दारात बसून डाळ निवडत होते. तुम्ही बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होता. "तुला तुरीतला खडा दिसतो ना?" "दिसतो की." "मग ये इकडे. मला एका मराठ्याची मिशी काढून दे."

मॅट्रिक झाल्यावर लगेच लग्न झालं, तेव्हापासून पंचांग आणि पोथी सोडून हातात पुस्तक आलं नव्हतं. मग दुपारची भांडी झाली की मी इंग्रजी शब्द जोडत वाचायची आणि तुम्ही डोळे मिटून अर्थ सांगायचात. सैनिक बाटलीच्या बुचावर मेणाने चिकटवायचा, म्हणजे बोटं रंगाला लागत नाहीत. पातळ रंगाचे दोन हात द्यावेत, जाड रंगाचा एक नको. आधी अंग, मग अंगरखा, मग कमरपट्टा; माणूस ज्या क्रमाने कपडे घालतो त्या क्रमाने. पुस्तकातल्या फौजा गोऱ्यांच्या, एकेका पलटणीचे कोट एकाच रंगाचे. मराठ्यांना कोणता रंग द्यायचा, विचारलं तर म्हणालात, "घरून जे घालून निघाला ते. वऱ्हाड रंगवतेस असं समज." हिशेबाच्या वहीची मागची पानं मी रंगांच्या नोंदींसाठी राखली. जुन्या धोतराचा पांढरा कसा करायचा ते अजून त्यात आहे: पांढऱ्यात मातकट रंगाचा एकच थेंब.

आणि मग ती चूक. पुस्तक म्हणत होतं, डोळे अगदी आधी काढा. ठिपका चुकला तर वरून चेहऱ्याचा रंग देता येतो. मी नाही ऐकलं. माहेरी शिरपूरला आम्ही मुली गुलाबाईची मातीची मूर्ती रंगवायचो, तिचे डोळे सगळ्यात शेवटी. डोळे उघडले की ती आली, तोवर माती. तसेच बारा मराठे मी पूर्ण केले आणि शेवटी डोळ्यांना हात घातला. ठिपका गालावर ओघळला, टर्पेंटाइनच्या बोळ्याने पुसायला गेले तर गाल, मिशी, पागोट्याची किनार, सगळं निघालं. एक नाही, पाच सैनिक गेले. तुमचा आवाज चढला. "पुस्तक शहाणं की तू? हे देव आहेत का? शिपाई आहेत!" मी रडकुंडीला आले होते, तरी बोलून गेले, "अंगावर कपडा नाही आणि डोळे आधी उघडायचे? त्याला लाज नाही वाटणार?" तुम्ही इतके हसलात की चष्मा काढून पुसावा लागला. दुसऱ्या दिवशी स्वतः वॉर्निशची बाटली आणलीत. सैनिक रंगवून झाला की वॉर्निशचा एक हात, तो वाळला की डोळे. चुकलं तर लगेच पुसता येतं, खालचं बिघडत नाही. आणि पुस्तकाच्या समासात पेन्सिलीने, तुमच्या तेव्हाच्या मोठमोठ्या तिरप्या अक्षरांत लिहिलंत: "डोळे शेवटी. सूनबाईंची पद्धत." मला आजवर पुष्कळांनी पुष्कळ दिलं. छापील पुस्तकात जागा फक्त तुम्ही दिलीत.

ऑपरेशनची तारीख ठरली. त्याआधी एक लढाई पुरी फौज मांडून खेळायची, असा तुमचा हट्ट. ऑपरेशननंतर दिसेल याची खात्री तुम्हाला नव्हती आणि मला दुसरीच धास्ती. फौज पूर्ण झाली की टेबलावर माझं काय काम? मी परत डाळीकडे. शेवटी फक्त हा निशाणवाला उरला. वॉर्निशपर्यंत आणला आणि ब्रश धुऊन ठेवला. तुम्ही विचारलंत, "झाली सगळी?" मी म्हटलं, "झाली." तुमच्याशी तेवढं एकच खोटं बोलले.

रविवारी आबांनी त्याला उचललं आणि कोऱ्या डोळ्यांकडे बघत अहिराणीत विचारलं, "मास्तर, हाऊ निशाणवाला आंधया शे का रे?" मी चहाचा ट्रे धरून तशीच उभी. तुम्ही मान न वळवता म्हणालात, "माझ्यासारखा आहे तो. माझी पट्टी सुटली की त्यालाही दिसेल. टाक तू फासे."

पट्टी सुटली, जाड भिंगांचा चष्मा आला. तुम्ही निशाणवाला उजेडात धरलात, मग माझ्या तळहातावर ठेवलात. "काढ आता." "उद्या काढते, नाना." तुम्ही माझ्याकडे नीट पाहिलंत, त्या चष्म्यातून पहिल्यांदा. त्याच रविवारी आबांचा डबा आला, या वेळी घोडेस्वार. दवाखान्यात डोळ्यांवर पट्टी असतानाच तुम्ही त्यांना घोड्यांचा साचा करायला सांगितलं होतं, हे आबांनी मला तुमच्या दहाव्याला सांगितलं. घोड्यांनंतर उंट आले, उंटांनंतर तोफा. तुम्ही होता तोवर फौज कधी पूर्ण झालीच नाही.

हा कागद आता घडी घालून पुस्तकात ठेवते, तुमच्या पेन्सिलीच्या ओळीपाशी. जुन्या वॉर्निशवर धूळ बसली होती म्हणून आज निशाणवाल्याला नवा हात दिला. वाळतोय. ब्रशही काढून ठेवला होता, मग परत डब्यात टाकला. उद्या काढते, नाना.