फक्त तीन दिवसांचा स्प्रे

२ जून, सोमवार
हिने लेकीच्या खोलीत मुक्काम हलवला. लेक होस्टेलला, खोली रिकामीच. कारण : माझं घोरणं. घोरण्याचं कारण : चोंदलेलं नाक. नाकाचा स्प्रे आणला. दोन फवारे, नाक मोकळं! इतकी वर्षं फार्माकॉलॉजी शिकवतोय ते उगाच नाही. खोक्यावर लिहिलंय, तीन दिवसांपेक्षा जास्त वापरू नये. ते सामान्य जनतेसाठी. ही आठवड्यात परत येईल.

७ जून
नाक जास्तच चोंदतंय. हवा बदललीय. डोस किंचित वाढवला. ही म्हणाली, घोरणं भिंतीपलीकडेही ऐकू येतं. म्हणजे लक्ष आहे अजून.

१२ जून, दुपार
वर्गात रिसेप्टर शिकवले. रंगलं. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या दारावरची बेल. बाहेर औषधाने बेल दाबली की आत जी-प्रोटीन उठून कामाला लागतं. पण बेल सारखीच वाजायला लागली की पेशी वैतागते. आधी तिची वायर काढते, मग बेलच उचलून आत नेते. वाजवत बसा. मागच्या बाकावरच्या मुलीने विचारलं, सर, बेल परत कधी लावतात? म्हटलं, वाजवणं थांबवलं की. स्टाफरूममध्ये येऊन चार फवारे मारले.

१५ जून
मेहुणा आला. कान-नाक-घशाचा डॉक्टर. म्हणाला, दाजी, हा स्प्रेच तुमचं नाक चोंदवतोय, बंद करा. काल-परवापर्यंत माझ्याकडे नोट्स मागायचा! म्हटलं, रिसेप्टर मला शिकवू नकोस. हिने भावाला चहा मात्र दोनदा दिला.

२१ जून
उद्यापासून स्प्रे बंद. व्यसन नाहीच, तेव्हा सोडायला कितीसा वेळ लागणार.

२२ जून, सकाळ
बंद.

२२ जून, संध्याकाळ
फक्त डाव्या नाकपुडीत. उजवीला शिस्त लावली.

२३ जून
उजवीतही. भेदभाव बरा नव्हे.

२७ जून
एक बाटली बॅगेत, एक गाडीत, एक उशीखाली. केमिस्ट मला लांबून बघूनच बाटली काढून ठेवतो. ओळख असलेली बरी. घरी आलं की करमत नाही. खरं लिहायचं तर भीती वाटते, हिला तिकडेच सवय होईल.

३० जून
स्प्रे मारला. काही नाही. पुन्हा मारला. काही नाही. माल खराब असणार. दुसरी बाटली फोडली. तीही खराब.

४ जुलै, संध्याकाळ
कॉलेजातून आलो तर लेकीच्या खोलीचं दार लोटलेलं. हिने नवा पलंग करून घेतलाय, स्वतःसाठी, लाकडी. सुतार दुपारीच बसवून गेला. हिने विचारलं, पॉलिशचा वास येतोय का हो? मला कसलाच वास येत नव्हता. पण संधी सोडतोय कशाला! म्हटलं, भयंकर येतोय, डोकं धरेल तुझं, आज आपल्या खोलीतच झोप.

ती म्हणाली, पॉलिशवाला उद्या येणार आहे.