माळ्यावरची हाळी

केडगाव, ४ जानेवारी २०२६

प्रिय आईस, सप्रेम सलाम, वि. वि.

आई, निवड झाली! एकशे बारा जणांतून सहा, आणि त्यात तुझी हेलन! एम.ए.चा अभ्यास कामी आला. पुण्याच्या एका शब्दकोश मंडळासाठी वर्षभर गावोगाव फिरून राखणीचे, पहाऱ्याचे, संरक्षणाचे शब्द गोळा करायचे. पहिला मुक्काम चंद्रपूर. पंचवीस तारखेपर्यंत होकार कळवायचा आहे, आणि तू हो म्हटल्याशिवाय मी कळवणार नाही. फोनवर तू गप्प होतेस आणि मी रडते, म्हणून पत्र.

एक गंमत सांगते. रविवारी चर्चबाहेर आपण सगळ्यांना सलाम करतो ना? तो अरबी शब्द, सलामतचा सख्खा भाऊ. म्हणजे भेटल्याबरोबर आपण समोरच्याला सुखरूप राहा म्हणतो, आणि इतकी वर्षं मला पत्ताच नव्हता! मंडळाचं पत्र सोबत जोडलंय. राग आला तरी लोभ त्याहून वरचढ ठेव.

तुझी हेलन

खर्डा, ९ जानेवारी

चि. हेलन हिस अनेक आशीर्वाद.

निवडीचं वाचून अंगणवाडीतल्या पोरांना गूळ-शेंगदाणे वाटले आणि घरी येऊन रडले. मंडळाच्या पत्रात सुरक्षित हा शब्द पाच ठिकाणी आलाय. इतक्यांदा सांगावं लागतं म्हणजे तिथं काहीतरी असणारच. तुझे पप्पा गेल्यापासून घरात आपण दोघीच. परक्या गावात तुला ताप आला तर कोण बघणार? शेजारची केशरबाई तर म्हणते की लेकीला एकटीला धाडायचं न्हाई, तिकडं लई जंगल हाय.

माझं उत्तर नाही असंच समज. फुगून बसू नकोस, डबा वेळेवर खा.

तुझी आई, मरिया

केडगाव, १३ जानेवारी

प्रिय आईस, सप्रेम सलाम, वि. वि.

फुगले होते, खोटं कशाला बोलू? मग ग्रंथालयात गेले आणि राग कुठल्या कुठे पळाला! सिक्युरिटी लॅटिनमधून आलाय, मूळ अर्थ काळजीविना. बंदोबस्त फारसी, म्हणजे नुसती बांधाबांध. तू माझा बंदोबस्तच करायला निघालीस, हे कुणाला सांगत नाही. राखण मात्र आपला, रक्षणातून झिजत आलेला. पण त्याच्यापुढे मी पाहिलेल्या कोशात एवढंच आहे: पिकावर लक्ष ठेवणे.

तू लहानपणी ज्वारीची राखण केलीस ना? एकटीला भीती नाही वाटायची? तेवढं तरी लिही. माझं जाणं राहिलं तरी शब्द राहायला नको.

तुझी (बंदोबस्तातली) हेलन

खर्डा, १८ जानेवारी

चि. हेलन हिस अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रश्नानं माझी झोप उडवली. वाटायची गं भीती! बारा वर्षांची मी, चार लाकडांवर बांधलेल्या माळ्यावर दिवसभर एकटी, हातात गोफण. चहूकडे पुरुषभर ज्वारी, माणूस दिसायचं नाही. म्हणून रीत होती. थोड्या थोड्या वेळानं हाळी द्यायची, म्हणजे लांब हाक मारायची, की पलीकडच्या माळ्यावरून ओ यायची. ओ आली की भीती गेली. नाही आली, तर हातातलं टाकून सगळे तिकडं धावायचे. गोफण पाखरांसाठी होती. माणसाची राखण ती हाळी करायची. हे आधी लिहून घे.

केशरबाईला सांगितलं, तर तीही माळ्यावरचीच निघाली! काल दोघी तिच्या ज्वारीत गेलो. बावन्नाव्या वर्षी मी माळ्यावर चढले बाई! हाळी दिली, आणि बांधापलीकडून तिनं अशी ओ दिली की पाखरांचा थवाच्या थवा उडाला. लई हसलो. उतरताना मनात आलं, माझ्या आईलाही भीती वाटतच असणार. तरी तिनं मला घरी कोंडलं नव्हतं.

जा. होकार कळव. दर रविवारी चर्चमधून आलीस की पोस्टकार्डावर हाळी द्यायची, मी इथून ओ देईन. एक रविवार चुकला तर अंगणवाडीला सुट्टी टाकून तिथं येऊन उभी राहीन, हे मंडळालाही सांगून ठेव.

तुझी आई

चंद्रपूर, ८ फेब्रुवारी

प्रिय आईस, सप्रेम सलाम, वि. वि.

पोचले. खोली स्वच्छ, माणसं गोड, भाजी तिखटजाळ. राखणीचे तीन नवे शब्द मिळालेसुद्धा! आत्ताच चर्चमधून आले. इथं मला कुणी ओळखत नाही, आणि आज थोडी भीती वाटतेय.

हाळी.

तुझी हेलन

खर्डा, १३ फेब्रुवारी

चि. हेलन हिस अनेक आशीर्वाद.

ओ.

आई