ताईच्या मुरुडला चार दिवस

रविवार, १ डिसेंबर २०२४

ठरलं! नाताळच्या सुट्टीत चार दिवस मुरुड. धम्मदीपला तीन वर्षांनी सलग रजा मिळाली. न्हावा शेव्याच्या यार्डात कंटेनर थांबत नाहीत, तसा हाही थांबत नव्हता. जेवताना हात वर करून म्हणाला, "एकच अट. काही बघायचं नाही. जंजिरासुद्धा लांबूनच. लोळायचं, मासे खायचे, परत लोळायचं."

दिशा ओरडली, "पप्पा, किल्ला तर बघायचाच! अकरावीला इतिहास घेतलाय मी."

मी म्हटलं, मुरुडच कशाला? श्रीवर्धनला जाऊ. धम्मदीप म्हणाला, "अगं, मुरुडला तुझी सख्खी बहीण आहे!"

म्हणूनच. पण हे फक्त इथे लिहिता येतं.

मंगळवार, ३ डिसेंबर

काशीदला एक लॉज शोधून ठेवला होता. ताईला कशाला त्रास, असं म्हणणार होते. त्याआधीच दिशाने मावशीला फोन केला! ताई आणि अनंता भावजी घरामागच्या दोन खोल्या पर्यटकांना देतात. ताई म्हणाली, "या. एक खोली ठेवते."

"माझ्याशी बोलते का, विचारलंस?"

"विचारलं ना. मावशी म्हणाली, भात उतू जातोय."

शुक्रवार, ६ डिसेंबर

दादरला जाऊन आलो. पाय सुजलेत. रांगेत पुढे कोणीतरी पंचशील म्हणत होतं, आम्हीही म्हटलं. न दिलेलं घेणार नाही, खोटं बोलणार नाही — या दोन ठिकाणी माझा आवाज दरवर्षी बसतो. धम्मदीप दरवर्षी पाण्याची बाटली पुढे करतो.

रविवार, ८ डिसेंबर

आज लिहूनच टाकते.

बाबा सरकारी दवाखान्यात शिपाई होते. २००२ मध्ये गेले. त्यांच्या जागी अनुकंपावर ताईचा अर्ज केला होता. ती बावीसची, मी एकोणीसची. जून २००३. ताई माणगावला मामाकडे गेलेली, आई बाजारात. धाकूकाका पोस्टमन दारात आले आणि पत्र माझ्या हातात दिलं. ताईच्या नावाचं. मी उघडलं. पंधरा दिवसांत मूळ कागद घेऊन हजर राहा, नाहीतर नोकरी नको असं समजलं जाईल.

मी ते माझ्या ट्रंकेच्या तळाशी घातलं. का? ताईला नोकरी लागली तर तिचा पगार घराला आणि लग्न आधी माझं, हे मी ऐकलं होतं. मला बारावीनंतर शिकायचं होतं. एक दिवस थांबू म्हटलं. मग दुसरा दिवस. मग पंधरा झाले. सोळाव्या दिवशी ते चुलीत घातलं.

ऑफिसात म्हणाले, पत्र तर पाठवलं होतं. मी आईला म्हटलं, टपालात गहाळ झालं असेल. आई आयुष्यभर धाकूकाकांना शिव्या देत राहिली. ते रस्त्यात दिसले की मान फिरवायची. पुढे माझा अर्ज केला. मला नोकरी लागली. वर्षभरात ताईचं लग्न झालं.

लिहिलं. हलकं वगैरे काही वाटलं नाही.

बुधवार, १८ डिसेंबर

बॅगा. धम्मदीपने तीन लुंग्या काढल्यात! म्हणतो, पँट नेणारच नाही.

दिशा घड्या घालता घालता म्हणाली, "मम्मी, तू नोकरीच्या परीक्षेत पहिली आली होतीस ना, तेव्हा मावशीने पण का नाही दिली?" मी म्हटलं, तो टॉवेल दे.

ही परीक्षा मीच तिला सांगितली होती, ती चौथीत असताना. शाळेत 'माझी आई' निबंध होता.

मंगळवार, २४ डिसेंबर

करंज्याहून लाँचने रेवस, पुढे एसटी. भावजी टमटम घेऊन मुरुडच्या स्टँडवर हजर. ताईचे केस बरेच पांढरे झालेत. मला म्हणाली, "बारीक झालीस." बस, एवढंच. दिशाला मात्र कुशीत घेतलं, सोडेचना.

दुपारी सुरमई, सोलकढी. धम्मदीप सुपारीच्या वाडीत खाटेवर पडला तो दिवे लागेपर्यंत. सुखी माणूस. मी भांडी घासायला बसले तर ताई म्हणाली, "राहू दे. तू पाहुणी हायस."

पाहुणी!

बुधवार, २५ डिसेंबर

बाप-लेक शिडाच्या होडीतून जंजिऱ्याला गेले. (लोळणारा माणूस शेवटी गेलाच — लेकीपुढे चालत नाही त्याचं.) मला म्हणाले चल. मी डोकं दुखतंय म्हटलं.

ताई मागच्या दारी कोळंबी सोलत होती. मी समोर बसले. चार-पाच सोलल्या. मग बोलले. सगळं. ट्रंक, पंधरा दिवस, चूल. आवाज इतका बारीक की मलाच ऐकू येत नव्हता.

तिचे हात थांबले नाहीत. "माहीत हाय मला."

"काय माहीत आहे?"

"त्याच महिन्यात धाकूकाकांना विचारलं होतं मी. म्हणाले, धाकटीच्या हातात दिलं, पोरी. मीच त्यांना गप्प राहा म्हटलं."

एकवीस वर्षं! आणि त्या म्हाताऱ्याने आईच्या शिव्या खाल्ल्या!

मी रडायला लागले. ती म्हणाली, "रडू नको. तुझ्यासाठी न्हाय केलं. माझी जागा तर गेलीच होती. आईला कळलं असतं तर तुला घराबाहेर काढली असती, मग घरात पगार कुठला? तिची औषधं कुठली?" सोललेली कोळंबी टोपलीत टाकत म्हणाली, "म्हणून तुझ्या घरी राहत न्हाय मी. धंद्याचं कारण सांगते, झालं."

मी समजत होते तिला वेळ नसतो. बरं वाटायचं मला त्याचं.

मी म्हटलं, माफ कर. ती पहिल्यांदा वर बघून बोलली.

"मला सांगून काय उपयोग, मने? मला ठाऊकच होतं. तुझ्या पोरीला सांग. काल इथेच बसून मला म्हणाली, मम्मीने परीक्षा देऊन नोकरी मिळवली, तू का गं अभ्यास न्हाय केलास मावशी? — काय उत्तर देऊ मी तिला? तिच्यासमोर मी जन्मभर ढ ऱ्हायची?"

कोळंबीची टोपली उचलून आत गेली.

गुरुवार, २६ डिसेंबर

सकाळी धम्मदीपला सांगितलं. तो खाटेवर उठून बसला. मग म्हणाला, "दिशाला तूच सांग. मी मध्ये पडणार नाही." त्याने मला एकदाही शिवी दिली नाही, एकदाही जवळ घेतलं नाही.

दुपारी दिशाला घेऊन किनाऱ्यावर गेले. ओहोटी होती. ती किल्ल्याच्या तोफांबद्दल बोलत होती — किती मोठ्या, कुठून आणल्या. मी तिला थांबवलं. परीक्षेपासून सुरू केलं. परीक्षा नव्हतीच, इथून.

तिने फक्त दोन प्रश्न विचारले.

"मावशीला बारावीला किती टक्के होते?"

"एकाहत्तर."

"आणि तुला?"

"चोपन्न."

चप्पल हातात घेऊन ती चालायला लागली, सरळ घराकडे. मी मागून गेले. पोचले तेव्हा ती ताईच्या शेजारी ओट्याशी उभी होती, पाठ माझ्याकडे. ताईने मला पाहिलं. जिंकल्यासारखं काही नव्हतं तिच्या तोंडावर. नुसती दमलेली होती.

मी आत गेले नाही.

शुक्रवार, २७ डिसेंबर

करंज्याला उतरलो. मी आणि धम्मदीप, दोघंच. दिशा म्हणाली, कॉलेज सुरू होईपर्यंत मावशीकडे राहते. आणि मग, मला नाही, ताईला विचारलं — "त्यानंतरही राहू?"