अख्खी एक बाजू, मधे न थांबता

प्रिय वसंता,

काल तुझ्या शीतलचं लग्न लागलं. तुला पत्रिका कशी पोचवायची हे कुणालाच सुचेना, म्हणून निदान हकिगत तरी माझ्याकडून घे. मी काही पत्र लिहिणारा माणूस नाही, आयुष्यभर ट्रम्पेटच फुंकलं. पण काल वरातीत जे घडलं ते तुला सांगितल्याशिवाय मला अन्न गोड लागणार नाही.

वसंता, वाजलं रे! तुझं जर्मन वाजलं. अख्खी एक बाजू, मधे न थांबता!

आता नीट बस आणि ऐक. तिकडं तुला दुसरं काम तरी काय आहे?

ती कॅसेट कुठून आली, आठवतं? चिखलीच्या स्टँडजवळचं कॅसेटचं दुकान बंद होत होतं आणि आपण बाजारात वांगी घालून परत निघालो होतो. दुकानदारानं एक कॅसेट तुझ्या हातात कोंबली. "जर्मनीतले लोक हायेत वाजवणारे. कोनीच घेऊन नाही राह्यलं. न्या तुमीच."

घरी आणून लावली. मी गाणं सुरू व्हायची वाट पाहत बसलो. चहा आला, चहा संपला, पण त्यांचा ढोलवाला आपला तोच ठेका धरून. ना मुखडा, ना अंतरा! मधूनच कुणीतरी दळणाच्या चक्कीसारखा आवाज काढायचं आणि गप्प व्हायचं. फीत अडकली असेल म्हणून मी टेपला चापट मारायला गेलो, तर तू माझा हातच धरलास.

"थांब बे गजा! त्याचा हात पाह्य. बदलूनच नाही राह्यला."

कॅसेटमध्ये हात कसा पाहायचा असतो रे? पण तुला दिसत होता. तुझा सगळा जन्म ढोलावर गेलेला. दुसऱ्या ढोलवाल्याची मेहनत तुला कळली. मला फक्त कंटाळा कळला.

त्या दिवशी तू जो सिद्धान्त मांडलास तो मी अजून लोकांना सांगतो. "एवढा येळ एकच ठेका काऊन धरला असंल, सांग." मी म्हणालो, "पुढचं इसरला असंल." तू कपाळाला हात लावलास. "नाही बे. वरात लांबची हाये!"

झालं. तेव्हापासून तुझ्या डोक्यात पक्कं बसलं, की हे जर्मन म्हणजे आपल्यासारखेच लग्नात वाजवणारे, फक्त त्यांच्याकडे नवरीचं घर फार दूर असतं. मधे कुणी नोट नाचवत फर्माईश करायला येत नाही. काय नशिबाची माणसं! असं म्हणून तू उसासे टाकायचास.

पुढं मोबाइल आले आणि कुणीतरी तुला त्यांचा फोटो शोधून दाखवला. केस वाढवलेले, वायरींच्या गुंत्यात बसलेले, अंगात साधे मळके सदरे. लाल कोट नाही, सोनेरी झालर नाही, टोपी नाही. तू हादरलासच. "ड्रेस नाही बे यांच्यापाशी!" मग बराच विचार करून स्वतःचीच समजूत घातलीस, "सीझन नसंल."

वसंता, हे लिहितानाही हसू येतंय. आणि हसता हसता दुसरंच काहीतरी येतंय, ते जाऊ दे.

तुझी एकच हौस होती, की ती बाजू एकदा तरी वरातीत पहिल्यापासून शेवटपर्यंत वाजवायची. आणि आपल्या धंद्यात नेमकी तीच गोष्ट अशक्य! नोट दिसली की थांबायचं, सांगेल ते गाणं धरायचं, हा आपला रिवाज. दुसरबीडच्या लग्नात आपण घुसवून पाहिलं होतं ना? चांगलं पाराला वळसा घालेपर्यंत वाजवलं. घामानं कोट भिजले. आणि नवऱ्या मुलाचे काका जवळ येऊन शांतपणे विचारतात, "सुरू कवा करता?"

तरी तू सोडलं नाहीस. वांग्यांच्या कॅरेटवर तोच ठेका, मोटारसायकलच्या टाकीवर तोच, जेवताना ताटावर तोच. वहिनी आतून ओरडायच्या, "बंद करा ते ठुकठुक! डोकं उठलं माहं." तू दोन घास खायचास आणि पुन्हा ठुकठुक. एवढ्या सोशिक बाईला तू किती छळलंस, याचा काही हिशोब आहे का?

आणि मला? अख्ख्या बाजूत ट्रम्पेटला एक सूर दिलास! एक! मी तक्रार केली तर म्हणायचास, "पन तो सूर काय सूर हाये, गजा!"

मग भर पावसाळ्यात, शेतात मेथी खुडता खुडता छातीवर हात ठेवून खाली बसलास, तो उठलाच नाहीस. बुकिंग एकही नव्हतं. तेवढी शिस्त शेवटपर्यंत पाळलीस. तुला न्यायला आम्ही सगळे होतो, पण कुणाच्या हातात वाजवायचं काही नव्हतं. इतकं गुपचूप आपण गावातून कधी चाललोच नव्हतो रे. मला फार परकं वाटलं.

आता कालचं सांगतो. शीतलला संग्रामपूरकडचं स्थळ मिळालं. पोरगा चांगला आहे, काळजी करू नकोस. वाजंत्री नवऱ्याकडची, आणि त्यांना डीजे हवा होता. पण तुझ्या लेकीनं फोनवर जावयाला बजावलं की डीजे नको, काकांचा बँड. मग माझ्याकडं आली. "काका, बाबाचं जर्मन वाजवजा. पुरं. मधे थांबलात तर मी बोलनार नाही तुमच्यासंग."

अरे, तिला नाही कसं म्हणायचं? पण वाजवायचं कसं? ढोल आता किसनकडं आहे. तोच आपला झांजवाला किसन, जो तुझ्या मागं उभा राहून जांभया द्यायचा. तो म्हणाला, "मले तं ते कवा सुरू होते अन् कवा संपते तेच समजत नाही." मी म्हणालो, "संपवायचंच नाही, एवढं ध्यानात ठेव."

मारुतीच्या देवळापासून वरात निघाली. किसननं ठेका धरला, मी माझा सूर लावला. थोड्याच वेळात नवरदेवाचे मामा नोट नाचवत आले. आम्ही आभाळाकडं पाहिलं! वसंता, जन्मात पहिल्यांदा आपल्या बँडनं नोटेकडं पाठ फिरवली. माझ्या तोंडात ट्रम्पेट, त्यामुळं उत्तर द्यायचा प्रश्नच नव्हता. मामा बिचारे उलटे चालत चालत माझ्या तोंडासमोर नोट हलवत राहिले आणि शेवटी त्यांचा हात भरून आला.

आणि मग गंमत झाली. गाणं संपतच नाही म्हटल्यावर पोरांना थांबायला जागाच सापडेना. कुणी रस्त्यात बसकण मारेना, कुणी रुमाल तोंडात धरेना. नाचायचं कसं ते कळेना, म्हणून सगळे चालायलाच लागले! घोडंसुद्धा ठेक्यात चालत होतं. आपल्या भागात दुपारचं लग्न दिवेलागणीला लागतं, आणि आम्ही मुहूर्ताच्या कितीतरी आधी मांडवाच्या दारात हजर!

तिथं ही धावपळ. भटजी पोह्यांवर, अंतरपाट सापडत नाही, शीतलच्या वेणीला गजरा लागायचाय. तुझा धाकटा भाऊ माझ्या अंगावर धावून आला. "वरात इतक्या लवकर आनते का कोनी? थांबा तिथंच!"

थांबा म्हणजे दारात उभं राहा. पण वाजवणं कसं थांबवणार? मामा नोट घेऊन टपलेलेच. आणि नेमका तेव्हा किसन ढिला पडला. हात दमले, ठेका पळायला लागला. क्लॅरिनेटवाला माझ्याकडं पाहतोय, मी किसनकडं. मला वाटलं, गेलं. इथवर येऊन तुझं जर्मन पुन्हा अर्धंच राहणार. लेकीच्या लग्नातसुद्धा! माझा सूरच थरथरायला लागला.

तेवढ्यात वहिनी दारात आल्या. हातात ओवाळणीचं ताट. तू नाहीस म्हणून ओवाळायला मावशीला पुढं करा, असं बायका म्हणत होत्या, पण शीतलनं ऐकलं नाही. ओवाळेल तर आईच. वहिनींनी किसनकडं पाहिलं आणि म्हणाल्या, "असं नाही वाजवत ते, भाऊ. पळून काऊन राह्यले?"

आणि ताटाच्या काठावर अंगठीनं वाजवून दाखवलं. ठुक, ठुक, ठुक. तुझा ठेका, वसंता! जसाच्या तसा, ना मागं ना पुढं. निरांजन हलत होतं, पण हात हलला नाही. किसननं नुसतं ताटाकडं पाहत ढोल त्या ठेक्यावर नेऊन बसवला. मी डोळे मिटले आणि माझा तो एकुलता एक सूर लावून धरला. काय सूर आहे रे तो!

बाजू पुरी झाली. आम्ही थांबलो. टाळ्या वगैरे काही नाही. मामांनी नोट खिशात घातली. आणि वहिनी, जिनं उभ्या संसारात तुला "बंद करा ते" याशिवाय दुसरं काही ऐकवलं नाही, ती बाई थांबलेल्या ढोलाकडं पाहत म्हणाली,

"बंद काऊन केलं, गजाननभाऊ?"

याचं उत्तर तुला सुचलं असतं.

तर वसंता, शब्द देतो. कॅसेटची दुसरी बाजू आपण कधी बसवलीच नाही. आज सकाळी वहिनींकडून टेप मागून आणला आणि ती ऐकली. येत्या तुळशीच्या लग्नानंतर पहिली जी वरात मिळेल, तिच्यात ती बाजू वाजणार, पुरी. कुणी कितीही नोटा नाचवू दे. आणि एक आनंदाची बातमी सांगतो, तिच्यात ट्रम्पेटला दोन सूर आहेत!

तुझा, अजूनही डाव्या बाजूला तुझी जागा सोडून चालणारा,
गजा ट्रम्पेटवाला