काकांच्या खांद्यावरून बर्डी

४ मे, शुक्रवार. संध्याकाळ.
कट वाचला! एका शॉटने का होईना, वाचला. निम्मे गोल्फर घरी गेले, मला शनिवार-रविवार खेळायला मिळणार. सतराव्या होलवर बर्डी आली, एक फटका वाचला, म्हणून. दुसरा फटका जरा उजवीकडे गेला, पण उजवीकडूनच ग्रीनवर, झेंड्याजवळच्या हिरवळीवर, आणायचा प्लॅन होता. टीव्हीवाल्या मुलीलाही तेच सांगितलं, की उतार वापरला.

उतार म्हणजे दोरीपलीकडे प्रेक्षकांत उभे असलेले दुर्बीणवाले काका. चेंडू त्यांच्या खांद्यावर आपटला आणि तिथून उडून थेट ग्रीनवर. एवढं सगळं टीव्हीवर कुठे सांगत बसणार?

काकांकडे लगेच गेलो. कॅडीने खांद्यावरच्या बॅगेतून हातमोजा काढून दिला. असे चार-पाच मोजे आम्ही आधीच सही करून ठेवतो, वेळ वाचतो. काका गवतावर बसले होते, चेहरा पांढराफटक, तरी थँक्यू साहेब म्हणाले. दणकट माणूस.

आमच्या ग्रुपमधला साधू मात्र स्ट्रेचर येईपर्यंत त्यांच्याजवळ गुडघे टेकून बसला. नाटकी. हा प्राणी दुसऱ्यांनी उकरलेली वाळूसुद्धा सारखी करतो, म्हणून तर सगळे त्याला साधू म्हणतात.

परतताना कॅडीने विचारलं, चेंडू लोकांकडे निघाल्यावर फोर ओरडला होतात ना? म्हटलं, ओरडलो की. वारा होता, ऐकू गेलं नसेल.

६ मे, रविवार.
शेवटून दुसरा. ग्रीन खराब होते.

खरं म्हणजे ग्रीन बरे होते. दोन्ही दिवस कानात एकच आवाज. टक्. लाकडावर बोट आपटावं तसा.

शिवाय दोरीपलीकडे काका नव्हते. किती वर्षं झाली, या शहरात टूर्नामेंट असली की हा माणूस गळ्यात दुर्बीण अडकवून माझ्याच ग्रुपबरोबर चालतो. वीस पावलांवरचं पाहायला दुर्बीण कशाला, हे मी कधी विचारलं नाही. माझा पट होलमध्ये गेला की एकटाच टाळ्या वाजवतो. आज पाचव्यावर लांबचा पट गेला. कोणी टाळी वाजवली नाही. मीच टोपीला हात लावून घेतला, सवयीने.

कॅडीने बातमी काढली. कॉलरबोन मोडलंय, उजवीकडचं. आणि काकांचं केस कापायचं दुकान आहे. म्हणजे उजवा हात.

उद्या सकाळी पहिलं काम, काकांना भेटून माफी मागायची. फोटोग्राफर न नेता. ठरलं म्हणजे ठरलं.

७ मे, सोमवार.
गेलो नाही. आजारी माणसाला पहिले काही दिवस आराम हवा असतो. लोक उगाच गर्दी करतात, पेशंटला बोलावं लागतं, त्यात हाड हलतं. न जाणं हासुद्धा एक शिष्टाचार आहे.

त्याऐवजी कुरिअरने भेट पाठवली. माझा मोठा फोटो, फ्रेम करून. खाली सही आणि ‘लवकर बरे व्हा’. बायकोने विचारलं, फोटो कुठला? म्हटलं, शॉट मारून झाल्यावर पोज धरून उभा आहे तो. तिने विचारलं, त्याच होलवरचा तर नाही ना? मी बघितलं. त्याच होलवरचा होता. तोवर कुरिअरवाला गेला होता.

९ मे, बुधवार.
मानाचा तुरा! असोसिएशनचा फोन. नव्या प्रो खेळाडूंसमोर मी व्याख्यान द्यायचं. विषय : प्रेक्षकांशी आणि सहखेळाडूंशी वागणूक. सेक्रेटरी म्हणाले, तुमचा अनुभव दांडगा. (साधूला आधी विचारलं होतं, त्याला स्टेजवर बोलता येत नाही म्हणे. हे त्यांनी सांगायची गरज नव्हती.)

बायकोला सांगितलं तर तिच्या नाकातून चहा आला. लोका सांगे ब्रह्मज्ञान, एवढंच म्हणाली आणि पुसायला फडकं आणायला गेली. पुढचा अर्धा भाग तिने सांगितला नाही. मला येतो.

काकांकडे उद्या.

१२ मे, शनिवार.
काकांकडे जाणं झालं नाही. भाषणाची तयारी. लोकांसाठीच करतोय ना हे सगळं, काकांसारख्याच लोकांसाठी. म्हणजे एका अर्थी काकांचंच काम चालू आहे.

मुद्दा पहिला लिहिला. ‘चेंडू माणसांच्या दिशेने निघाला की क्षणाचाही विलंब न लावता फोर म्हणून बोंब ठोका. फटका चुकला हे जगाला कळेल याची लाज बाळगू नका. समोर कोणाचा तरी बाप उभा असतो.’

फार छान उतरलं. वाचलं. पेन ठेवलं. बाल्कनीत जाऊन आलो. मग मुद्दा पहिला खोडून तिथे ‘बूट स्वच्छ ठेवा’ असं लिहिलं.

१५ मे, मंगळवार.
व्याख्यान झालं. टाळ्या बऱ्या पडल्या. बुटांवर वीस मिनिटं बोललो.

शेवटी एका नव्या मुलीने हात वर केला. तिने विचारलं, सर, इतके अनुभवी प्रो कधीकधी फोर ओरडत नाहीत, ते का? मी वाऱ्यावर बोलायला लागलो. वारा कसा आवाज नेतो, कसा आणतो, डोंगराकडचा वेगळा आणि समुद्राकडचा वेगळा. मुलगी वहीत लिहून घेत होती. तिचं पेन बघवेना.

साधू मागच्या रांगेत होता. त्याला सगळं ठाऊक आहे. त्या दिवशी तो माझ्या शेजारी उभा होता, आणि जी काय एक बोंब उठली ती त्याची होती. माझ्या चेंडूसाठी. उशिरा उठली, कारण मी ओरडेन म्हणून तो थांबला असणार. आज त्याला उठून बोलता आलं असतं. बोलला नाही. त्याने मला उघडं पाडलं असतं तर मी त्याला शिव्या तरी घातल्या असत्या! तेवढंही सुख नाही.

बाहेर भेटला. म्हणाला, काका तुमची आठवण काढतात, एकदा जाऊन या, फार बरं वाटेल त्यांना. विचारलं, तुला कसं माहीत? तर हा दर दोन-तीन दिवसांनी त्यांच्या दुकानात जातो. झाडू मारतो, टॉवेल वाळत घालतो. काकांची मुलगी सध्या दुकान चालवते, तिला हातभार म्हणून.

पब्लिसिटी, दुसरं काय. फक्त एक कळत नाही, पब्लिसिटी असती तर कोणाला तरी कळलं असतं.

१८ मे, शुक्रवार.
गेलो! म्हणजे रस्त्यापर्यंत गेलो.

दुकान बेकरी आणि किल्ल्या करणाऱ्याच्या मध्ये आहे. काचेचं दार, आत दोन खुर्च्या. एकीवर एका लहान मुलाला फळी टाकून बसवलं होतं, काकांची मुलगी त्याचे केस कापत होती. दुसरी खुर्ची चादर टाकून झाकलेली. ती काकांची असणार. आणि मधल्या आरशाच्या वर, दारातून शिरल्या शिरल्या दिसेल असा, माझा फोटो. पोज धरलेला. फुलांचा हार नव्हता एवढंच.

आत जाणं योग्य दिसलं नाही. गिऱ्हाईक होतं. बेकरीत शिरलो, पाव घेतला.

बायकोने विचारलं, भेटलास? म्हटलं, चौकशी केली. खोटं नाही. बेकरीवाल्याकडे चौकशी केली, शेजारचं दुकान किती वाजता बंद होतं याची.

ती म्हणाली, चोराच्या उलट्या बोंबा असतात असं ऐकलं होतं, तू तर सुलटीही मारली नाहीस. मग म्हणाली, मी टीव्हीवर बघत होते रे. तुझं तोंड मिटलेलं होतं.

रात्री पाव कोणीच खाल्ला नाही.

२२ मे, मंगळवार.
ही वही कोणी वाचत नाही, तेव्हा लिहून टाकतो.

ओरडलो नाही. वारा नव्हता. चेंडू उजवीकडे गर्दीत चाललाय हे मला बॅटला लागल्या लागल्या कळलं होतं. हातालाच कळतं. (क्लब लिहायचं होतं, बॅट लिहिलं. मन थाऱ्यावर नाही.) पण समोर फोटोग्राफर गुडघ्यावर बसला होता, आणि फटक्यानंतरचा माझा फॉलो-थ्रू सुंदर आला होता. तोंड उघडलं असतं तर फटका चुकला हे सगळ्यांना समजलं असतं. म्हटलं, थोडं थांबावं, कदाचित झाडाला लागेल. झाडाला लागला नाही.

आणि तिकडे जाताना, देवाशप्पथ, माझी पहिली नजर ग्रीनवर गेली. चेंडू कुठे थांबला ते बघायला. काका नंतर.

लाज वाटते. नुसती लाज नाही, भीती वाटते. मी असाच आहे की त्या दिवशी तसा झालो?

संकल्प. रविवारी जायचं. दारातच सांगायचं : काका, मी ओरडलो नाही, चूक माझी, मला माफ करा. तीन वाक्यं. आरशासमोर म्हणून बघितली. येतात.

२७ मे, रविवार. दुपार.
आत्ताच आलो. ताजं ताजं लिहितो.

दार ढकललं. काका नव्हते, मुलगी एकटीच. मी तोंड उघडणार तोच तिने खुर्चीकडे बोट केलं आणि दाढी ना, म्हणाली. ओळखलं होतं तिने, डोक्यावरच तर फोटो. नाही कसं म्हणणार? बसलो. तिने मान मागे केली, फेस लावला, वस्तरा गळ्यावर ठेवला. मग शांतपणे विचारलं, मी बाबांच्या शेजारीच उभी होते, तुमचा आवाज आला नाही, का हो?

गळ्यावर वस्तरा असताना माणूस काय बोलणार? तरी सांगतो, मी बोलणार होतो. पहिलं वाक्य ओठांवर होतं. एवढ्यात मागच्या दारातून काका आले. हात झोळीत, दाढी वाढलेली. मला आरशात बघितलं आणि एकदम हरखले. साहेब आले, साहेब आले, पाणी आण, नाही चहा आण, असं स्वतःलाच सांगायला लागले.

मग शेजारच्या झाकलेल्या खुर्चीच्या पाठीला धरून उभे राहिले आणि माझीच माफी मागायला लागले.

म्हणाले, साहेब, चूक माझी आहे. तुमचा फटका नीट दिसावा म्हणून मी दोरीच्या पुढे वाकलो होतो. माझ्यामुळे तुमचं लक्ष उडालं. शनिवार-रविवारी तुमचा खेळ गेला, मी इथे पडून टीव्हीवर सगळं बघत होतो. झोप नाही आली मला. इतकी वर्षं तुमच्यामागे चाललो आणि शेवटी मीच आडवा आलो. तुम्ही एवढा मोठा फोटो पाठवलात, माझी तर नजर वर होत नाही. रागावला नाहीत ना?

त्यांचे डोळे भरले होते. थट्टा नव्हती. तो माणूस तीन आठवडे माझ्यासाठी झुरत होता.

मुलीचा वस्तरा थांबला होता. ती आरशातून माझ्याकडे बघत होती, वाट बघत. एवढी चांगली वेळ परत येणार नव्हती. तीन वाक्यं फक्त.

मी म्हटलं, चालायचंच काका, होतं असं.

आणि वर हेही म्हटलं, की पुढच्या वेळी जरा मागे उभे राहत जा.

काकांनी डाव्या हाताने माझा हात धरला. चेहऱ्यावरून ओझं उतरलेलं दिसलं मला. मुलीने उरलेली दाढी केली, एकही ओरखडा न काढता. शेवटी टॉवेल माझ्या हातात दिला. तोंड मलाच पुसायला लावलं.

घरी आलो तर बायको दारातच. विचारलं, झाली का माफी? म्हटलं, झाली.

तिने विचारलं, कोणी मागितली?

तेवढ्यात फोन वाजला म्हणून आत आलो. फोन वाजला नव्हता. अर्धा तास झाला, कानाला लावून बसलोय. ती अजून दारात उभी आहे.