भाकरींची शिल्लक रजा

आर्णी,
१४ मार्च

आदरणीय सत्यशीलाताई,

तुझ्या धाकट्या भावाचा, श्रावणचा, तुला आणि भाऊजींना सप्रेम जयभीम. तुझे गुडघे कसे आहेत? वणीच्या कोळशाच्या ट्रकांची धूळ अजून तुझ्या वाळवणावर बसते की ट्रकवाल्यांना दया आली? भाऊजी खाणीतून रिटायर होऊन चार वर्षं झाली, तरी पहाटे उठून शिफ्टला निघाल्यासारखे बूट घालून बसतात असं ऐकलं. बसू दे. माणसाची नोकरी सुटते, सवय सुटत नाही, हे मी यापुढे जे लिहिणार आहे त्यावरून तुझ्या लक्षात येईलच. इकडे बबिता ठणठणीत आहे. मी कसा आहे, ते सांगायला हे पत्र. (फोन केला असता, पण आपल्या दोन खोल्यांत मी आवाज खाली केला की बबिताला जास्त स्पष्ट ऐकू येतं. म्हणून बत्तीस वर्षं पंचायत समितीच्या आस्थापनेत ज्या अक्षरात लोकांचे रजेचे अर्ज परत पाठवले, त्याच अक्षरात लिहितो आहे. हे पत्र तिला दाखवणार नाही.)

तर डिसेंबरात माझं रक्त तपासलं आणि तीन महिन्यांची सरासरी साखर साडेसात निघाली. डॉक्टर तरुण आहेत, पण बोलतात वडीलधाऱ्यासारखे. म्हणाले, आत्ताच सापडलंय, तीन महिने खाणं बदला, रोज चाला, सातच्या खाली आलं तर ठीक, नाहीतर गोळी सुरू करू. गोळी घ्यायला माझी ना नाही, ताई. पण खुर्चीवर बसल्या बसल्या मला बाबा आठवले. साखरेनं त्यांची नजर गेली तेव्हा भर दुपारी बारा वाजता ते "दिवा लावा ना रे" म्हणाले होते, आणि तू उठून दिवा लावला होतास. त्यांना सहा वर्षं पेपर तू वाचून दाखवलास. मला कोण दाखवेल, हा विचार आला आणि मी सरळ सांगतो, मी घाबरलो.

घरी येताच बबितानं स्वयंपाकघराचा कारभार आपल्या हाती घेतला. (तो तिच्याच हाती होता, पण आता हुकूमनामे निघू लागले.) सकाळचे तर्रीचे पोहे बंद. मऊसूत पोळ्या बंद. ज्वारीची भाकर, तीही चाळणी न लावलेल्या पिठाची, अंबाडीची भाजी, घोळाची भाजी, शेवग्याचा पाला, मोड आलेली मटकी, काकडी, जवसाची चटणी, आणि पुन्हा अंबाडीची भाजी. डॉक्टरांचं म्हणणं असं, की चोथा असलेलं खाल्लं म्हणजे पोट भरतं, अंगाला फार चढत नाही आणि साखर एकदम उसळत नाही. मी म्हटलं, हे तर आपण लहानपणी काही नव्हतं म्हणून खात होतो. त्यावर डॉक्टर हसले आणि म्हणाले, म्हणूनच तेव्हा तुम्ही बारीक होता. पहिल्या आठवड्यात उत्साहाच्या भरात मी गव्हाचा कोंडा तीन मोठे चमचे कोरडाच खाल्ला आणि वर पाणी प्यायचं विसरलो. पुढच्या दोन दिवसांचं वर्णन मोठ्या बहिणीला लिहिण्यासारखं नाही.

आता खरी चूक सांगतो. एका जेवणाला दोन भाकरी मंजूर होत्या. एके दिवशी मी दीडच खाल्ली. (भाजी अंबाडीची होती.) ती उरलेली अर्धी भाकर माझ्या डोक्यात बसली. बत्तीस वर्षांत न घेतलेली रजा वाया गेलेली मी पाहिली नाही. ती पुढे जमा होते. मग भाकर कशी वाया जाईल? मी लाल रेघा मारून एक रजिस्टर काढलं. दिनांक, मंजूर, उपभोगलेली, शिल्लक, शेरा. रोज पाव, अर्धी, कधी अख्खी अशी बाजूला पडत पडत जानेवारीच्या मध्यापर्यंत माझ्या खात्यावर सहा भाकरी जमल्या. मला इतकं श्रीमंत कधी वाटलं नव्हतं.

अशा वेळी प्रफुल्लचं बोलावणं आलं. (माझ्या टेबलावर माझ्यानंतर बसलेला, मीच तयार केलेला माणूस.) त्याच्या वावरात रोडग्यांचं जेवण होतं. ताई, तुला काय सांगायचं? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले जाड कणकेचे रोडगे, ते हातानं फोडून त्यावर धार धरलेलं तूप, शेजारी वांग्याची भाजी आणि वरण. मी प्रफुल्लला माझी शिल्लक सांगितली आणि विचारलं, भाकरीची शिल्लक रोडग्यावर वर्ग करता येईल का? त्यानं थोडा विचार करून, दोन्ही धान्याचेच असल्यानं हरकत नसावी, असा अभिप्राय दिला. मी सहा रोडगे खाल्ले. सहावा तर निव्वळ नियमाला धरून खाल्ला, भूक पाचव्यालाच संपली होती. प्रफुल्लच्या बायकोनं वर डबाभर रोडगे घरी बांधून दिले. ते बबितानं माझ्यापासून हिसकले ते हिसकलेच.

दुसऱ्या दिवशी उपाशीपोटीची साखर पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. मी मुद्दाम रजिस्टर सोबत नेलं होतं, गैरसमज नको म्हणून. त्यांनी पानं उलटली, शेऱ्याचा रकानासुद्धा वाचला, आणि रजिस्टर मिटून म्हणाले, "श्रावणभाऊ, न खाल्लेली भाकर कुठंच जमा होत नाही. खाल्लेली तेवढी होते."

बाहेर बबिता बसली होती, तिनं ते ऐकलं. घरी आल्यावर रजिस्टर माळ्यावर टाकलं आणि म्हणाली, "तुमाले दिसाचं बंद झालं तर मी कोनाकडे पाहू?" एवढंच. त्या दिवसापासून मी शहाण्यासारखा वागतो आहे. रोज सकाळी माहूर रोडनं पाऊण तास चालतो, पोट भरलं की उठतो, अंबाडीलाही आता नाव ठेवत नाही. पट्ट्याला मागच्या महिन्यात एक नवं भोक पाडलं. परवा तीन महिने पुरे झाले आणि पुन्हा रक्त दिलं. रिपोर्ट आज संध्याकाळी मिळेल. मी स्वतः जाणार होतो, पण पायात चपला घातल्या, काढल्या, पुन्हा घातल्या, तेव्हा बबिता म्हणाली, मीच घेऊन येते. ती गेली आहे तोवर हे लिहून घेतलं.

भाऊजींना सांभाळ, स्वतःलाही सांभाळ. भाचेमंडळींना आशीर्वाद.

तुझाच,
श्रावण

ता. क. : बबिता आली. साडेसहा! ताई, साडेसहा! मला रडू आलं, ते मी शिंकण्यावर नेलं.

ता. क. २ : आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी वरचं सगळं लिहिलं. तू चार दिवस माहेरपणाला ये. नणंद घरी आली की बबिता पुरण घातल्याशिवाय राहत नाही, हे तुला माहीत आहे. मला पूर्ण पोळी नको. तुझ्या ताटाच्या कडेला एक अर्धी चुकून राहून जाईल, एवढंच तू पाहायचं. यातला शब्दही तिला कळता कामा नये. पाकिटाला डिंक लावला की लगेच टाकतो.

ताई, जयभीम. मी बबिता. डिंक माह्या शिवणाच्या डब्यात राहते, म्हणून पाकीट माह्याच हाती आलं. वाचलं सारं. तुम्ही याच, पण पुरणासाठी नाही. डॉक्टर म्हणे घरच्यायचंही पाहून घेऊ, म्हणून त्यांच्या संग मीबी रक्त देलं होतं. दोन कागद भेटले. त्यांचा साडेसहा, तो खरा आहे, मी खोटं नाही सांगतलं. माहा नऊ आहे. त्यांना भाकर थापून देता देता, उरलेली पोळी, कोणाकडचा आलेला लाडू, त्यांच्या हातून हिसकलेले रोडगे, सारं मीच खात गेली. टाकून द्याले जीव होत नाही. डॉक्टर म्हणते भ्यायचं काम नाही, गोळी अन् भाकर दोन्ही चालू करू. यांना अजून सांगतलं नाही. ऐकलं की घाबरतीन, अन् ते घाबरले की मलेच त्यांना धीर द्यावा लागते. या खेपेस मले वाटते, कोणी माह्या जवळ बसावं. मंगळवारच्या गाडीनं या.